सलूनवाल्या काकांचे नामबंधू

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना स्वतःच्या नावाचा भारी अभिमान. तसं नाव साधंच. पण इतिहासात ते नाव ज्यांनी ज्यांनी गाजवलं, त्यांना काकांनी हुडकून काढलं आणि आरशाच्या वर ओळीने टांगलं. एक राजा, एक कवी, एक आरमारप्रमुख. गालाला फेस लावता लावता काका त्यांची चरित्रं सांगत, तीही सख्ख्या चुलत्यांबद्दल बोलावं तशी. "आमचा राजा भारी हट्टी हो!" गिऱ्हाईक मान डोलवायचं. गळ्याशी वस्तरा असताना इतिहासावर वाद कोण घालतो!

लेकीला मुलगा झाला. नातवाला आपलं नाव मिळावं, एवढीच काकांची इच्छा. लेक बाळाला घेऊन दुकानात आली, तेव्हा मी खुर्चीत होतो, अर्धी दाढी झालेला.

"बाबा, या भिंतीवरचा एक तरी म्हातारा होऊन, सुखाने संसार करून गेला का? दाखवा, आणि खुशाल ठेवा नाव."

"हात्तिच्या! हा राजा बघ. ऐंशी वर्षं जगला. बायकोवर इतका जीव, की तिच्यावर ढीगभर कविता केल्या."

"कविता कवीने केल्या, बाबा! तो तिशीतच गेला. ऐंशी वर्षं जगला तो राजा, आणि त्याने बायकोला किल्ल्यात डांबलं होतं. दोघांना शिवून तुम्ही एकच माणूस केलात!"

हा शिवलेला माणूस आम्ही वर्षानुवर्षं मुकाट ऐकत आलो होतो. टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या काकू तेवढ्या बोलल्या, "अगं, लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हा राजा. वाटायचं, कधीतरी हेही माझ्यावर चार ओळी लिहितील!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. "बरं, हा आरमारप्रमुख..."

"बुडाला," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

लेकीने खुंटीवरचे टॉवेल बाजूला सारले. मागे एक छोटी, धुरकटलेली तसबीर होती. "हा कोण?"

"तो घड्याळजी. नाव आपलंच, पण सोड त्याला. एका गावात घड्याळं दुरुस्त करायचा, एवढंच सापडतं. पुढचं कुठे काही लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाला सांगू काय, कपाळ?"

"म्हणजे त्याचं पुढे काय झालं, कोणालाच ठाऊक नाही?"

"कोणालाच नाही."

"मग माझं बाळ याच्या नावाचं. ठरलं."

नाव मिळालं म्हणून काका नाचतील, असं मला वाटलं. पण त्यांनी तसबीर खाली काढली, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि बाळाला कडेवर घेऊन तिच्यात डोकं घातलं. माझ्या उरलेल्या गालावरचा फेस वाळून ताणायला लागला.

"अहो काका..."

"थांबा हो जरा," काका मान वर न करता म्हणाले, आणि बाळाला विचारू लागले, "काय केलं असेल रे याने पुढे?"