प्लास्टरचा तुकडा
शेजारच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं काम चालू आहे, आणि त्या ओल्या वासाने मला धाकट्या बहिणीचं प्लास्टर आठवलं. तेव्हा चिकनगुनियाचा ताप जाऊन मला चार महिने झाले होते, तरी सकाळी बोटं मिटत नव्हती आणि उगाच रडू यायचं. रिपोर्ट मात्र नॉर्मल. अशात बहीण गंगापूर रोडवर स्कूटीवरून पडली, हात मोडला, आणि घर माणसांनी भरलं. सिन्नरहून मावशी द्राक्षं घेऊन आली. "बिचारीचा उजवाच हात गं!" म्हणत तिला एकेक द्राक्ष भरवत मला म्हणाली, "तू ऊठ आता, चहा टाक. किती लोळशील?" जो तो प्लास्टरवर 'गेट वेल सून' लिहीत होता. मला त्या पांढऱ्या प्लास्टरचा इतका हेवा वाटला, की दुपारी ती झोपलेली असताना मी कोपराखाली, तिला दिसणार नाही अशा जागी, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझंही दुखतं.' प्लास्टर कापून आल्यावर तिने तो तुकडा माझ्यापुढे धरला. "ताई, कुठे दुखतं?" मी नुसती बोटं पुढे केली. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे, नॉर्मल रिपोर्टांच्या फाइलमध्ये.