दोन साक्षीदार आणि एक कोंबडी

आमच्या पक्षीमंडळात पक्षी कमी आणि किस्से जास्त साठलेत. पक्ष्यांसाठी निदान एक रजिस्टर तरी आहे. किस्से बिचारे माझ्या डोक्यातच पडून असतात.

जिंतूरच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी सकाळी शेजारच्या चहाच्या टपरीवर मंडळ भरतं. मंडळ म्हणजे चार माणसं: निवृत्त विज्ञान शिक्षक मुळे सर, एसटी कंडक्टर सय्यदभाई, मी, आणि आम्हाला जीपमधून माळावर फिरवणारा चारठाण्याकडचा शेतकरी गंगाराम.

सरांनी प्रत्येकाला जगातला एकेक विचित्र पक्षी दत्तक दिलाय. अट एकच, त्याला जवळचा नातेवाईक उरलेला नसावा! गंगारामने मात्र साफ नकार दिला. "माझ्या घरी हायेत तेवढ्या बस," म्हणाला. त्याच्या लेखी सगळे पक्षी कोंबड्याच.

सरांचा कायदाही एकच आहे. दोघांनी पाहिल्याशिवाय पक्षी रजिस्टरात चढत नाही.

*

सय्यदभाईंचा पक्षी आफ्रिकेतला शूबिल. बुटाएवढी चोच, आणि तासन् तास जागचा न हलता टक लावून बघणार. त्यांच्या हट्टापायी मी त्याचा मोठा फोटो छापून दुकानाच्या दारावर लावला.

पालमहून लेकीकडे आलेले एक आजोबा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. फोटोसमोर थबकले. टोपी काढून बराच वेळ अदबीने उभे राहिले. मग हळूच मला म्हणाले, "बाई, हे साहेब कोन्या खात्याचे? कवाचे बघायलेत, पन बोलंनात!"

सय्यदभाई इतके खूश झाले की त्यांनी आजोबांना चहा पाजला.

*

सरांचा पक्षी दक्षिण अमेरिकेतला होआत्झिन. हा नुसता पाला खातो, गाईसारखा पोटात आंबवतो आणि अंगाला शेणाचा वास मारतो. पिल्लांच्या पंखांना चक्क नख्या असतात. सरांनी अर्धा तास हे सगळं समजावून सांगितलं. गंगाराम फार मन लावून ऐकत होता.

शेवटी त्याने विचारलं, "सर, दूध किती देती?"

त्या दिवशी सरांचा चहा तसाच राहिला.

*

माझी किवी. अंगाने कोंबडीएवढी आणि अंडं हे एवढं मोठं! मी सासूबाईंना फोटो दाखवला, तर त्या हळहळल्या. "अगं बाई! मग तिला डिंकाचे लाडू कोण करून देतं?"

म्हटलं, लाडू नाही, पण अंड्यावर अडीच महिने नर बसतो.

पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांकडे सासूबाईंनी चांगलं निरखून पाहिलं. "अहो, ऐकलंत का?"

तेव्हापासून सासऱ्यांचं माझ्या किवीशी वाकडं आहे.

*

एकदा माळावर लांबच्या बाभळीत घुबड दिसलं. कोणतं घुबड यावरून सर आणि सय्यदभाई तासभर भांडले. मी साठेक फोटो काढले. साक्षीदार दोन सोडून तीन झाले, म्हणून सरांनी पेनाने नोंदही करून टाकली.

"पोतं हाय," गंगाराम म्हणाला.

"तू गप रे!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

मग वारा सुटला आणि घुबडाची घडी उलगडली. युरियाचं रिकामं पोतं! सरांनी स्वतःच्या हाताने नोंद खोडली.

"तुला पहिल्यापासून दिसत होतं?"

"दिसलं ते सांगितलं," गंगाराम म्हणाला.

*

तणमोर ही सरांची दुखरी नस. माळढोकाच्या कुळातला, गवतात राहणारा पक्षी. जगातच फार थोडे उरलेत. वीसेक वर्षांपूर्वी श्रावणात चारठाण्याच्या माळावर सरांना एक दिसला. पण सर एकटे होते! स्वतःचाच कायदा आडवा आला. रजिस्टरात त्याची ओळ अजून रिकामी आहे.

पुढचे सगळे श्रावण सरांनी माळ तुडवला. आता दोन्ही गुडघे गेले आणि डॉक्टरांनी माळ बंद केला. दोघांनी एकाच दिवशी पाहावा असं काही कायद्यात नाही, एवढीच काय ती आशा. मी म्हणायची, "सर, लिहून टाका. कोण विचारतंय?"

"मी विचारीन!" सर खेकसायचे. मला फार वाईट वाटायचं.

श्रावणात मादीला भुलवायला हा पक्षी गवतात काय करतो, ते मी आणि सय्यदभाईंनी मोबाईलवर पाहिलेलं. सर म्हणाले, "तुमच्यापुरता पेपर फुटला. तुमची साक्ष चालणार नाही." मोबाईलच्या नादी न लागलेला एकटा गंगाराम उरला होता.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी तो उशिरा आला. "सर, आमच्या वरल्या माळाला एक कोंबडी येडी झालीय. चार दिस झाले, कायतरीच करायलीय."

सरांचा कप हवेतच थांबला. "काय करतीय?"

"आता कसं सांगू?"

गंगाराम उठला. टपरीसमोर मोकळ्या जागेत त्याने जागच्या जागी उंच उडी मारली. मान मागे, हात फडफड, घशातून बेडकासारखा आवाज, आणि धपकन खाली! एसटीची वाट बघणारी माणसं गोळा झाली.

"रजिस्टर आण," सर मला म्हणाले. मी पळत जाऊन आणलं, पण सर ते उघडेनात.

"गंगाराम, पाय कसे होते?"

"पाय?" गंगाराम गोंधळला. "ते काय मला जमंना सर."

सर उठले. "सर, गुडघे!" मी ओरडले. सरांनी चष्मा काढून सय्यदभाईंच्या हातात दिला, मान मागे टाकली, पाय जमतील तेवढे पोटाशी घेतले आणि उडी मारली.

गंगाराम टाळ्या पिटत नाचायला लागला. "हांऽऽ! हीच! हीच ती कोंबडी!"