सुनंदाला येणारा आवाज: जुन्या मोटारसायकलवर लोणावळा

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मला घरात बसवत नाही. तळेगावच्या एमआयडीसीत, प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकण्यात सगळी नोकरी गेली आणि आता सकाळचा चहा झाला की पुढे काय करायचं तेच सुचत नाही. टीव्ही लावतो, बंद करतो. गॅलरीत जातो, परत येतो. माझी बायको सुनंदा घरी ब्लाऊज शिवते. ती एक दिवस मशीन थांबवून म्हणाली, "अहो, एक तर कुठेतरी जा, नाहीतर एका जागी बसा. तुमच्या येरझाऱ्यांनी माझी शिलाई वाकडी जायला लागली."

मला तेवढंच हवं होतं. जुनी मोटारसायकल घ्यायची आणि दोघांनी मिळून फिरायचं हे माझ्या डोक्यात कधीपासून होतं. माझ्याबरोबर काम केलेल्या सलीमभाऊंना त्यांची गाडी विकायची होती. मग दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी आम्ही पाठीवर सॅक टाकून सहा आसनी रिक्षाने नवलाख उंबऱ्याला त्यांच्या दारात हजर झालो.

गाडी लखलखत होती. "तुमाला द्यायची म्हनून लय धुतली," सलीमभाऊ म्हणाले. "वॉशिंग सेंटरला नेऊन पंपाचं पानी मारून आनली. दोन दिस फिरवा. पटली तर ठेवा, न्हाई तर चावी परत द्या. कागदाचं मग बगू." आमच्या भागात अजून असे व्यवहार होतात. आधी गाडी, मग चहा, मग बोलणं. भाभींनी शीरखुर्मा खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही.

कंपन्यांच्या भिंती मागे पडल्या आणि सुनंदाने माझ्या खांद्यावर थाप मारली. "कसला तरी आवाज येतोय."

"गाडी आहे. आवाज येणारच."

"इंजिनाचा नाही हो. बारीक. किर्र, किर्र, किर्र. थांबवा."

मी थांबलो. इंजिन चालू ठेवून वाकून ऐकलं. धडधड एकदम सुरेख होती. नट हलवून पाहिले, सायलेन्सरचा गार्ड हलवून पाहिला, साडीगार्ड दाबून पाहिला. काही नाही. सुनंदाने हेल्मेट काढून हातात घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "हा आवाज काय आहे ते कळलं तरच मी उद्यानंतर या गाडीवर बसेन. नाही कळलं तर तुम्ही एकटे फिरा." एकट्याने फिरण्यासाठी मी गाडी घेत नव्हतो. त्यामुळे लोणावळ्याची सहल निघतानिघताच आवाजाची शोधमोहीम झाली.

आतल्या रस्त्याने टाकवे बुद्रुकला गेलो. रस्ता अरुंद, मध्ये मध्ये खड्डे, पण दोन्ही बाजूंनी भाताची कापणी चालू होती आणि हवेत पेंढ्याचा वास होता. या दिवसांत मावळ बघावा असं मी कुणालाही सांगेन. मला मात्र तो नीट बघता आला नाही. दर थोड्या वेळाने मी विचारायचो, "आता?" आणि मागून उत्तर यायचं, "येतोय."

टाकव्यात चहाच्या टपरीसमोर गाडी लावली. मोटारसायकलपाशी कोणी उकिडवं बसलं की आमच्याकडे न बोलावता माणसं जमतात. एकाने चालवून पाहिली, दुसऱ्याने त्याच्यामागे पळून पाहिलं.

"व्हय, येतोय की! चेन सैल हाय."

"चेन न्हाई, टॅपेट वाजत्यात. हेड खोलावं लागतंय."

"आरं, ह्यो टॅपेटचा आवाज हाय व्हय? टॅपेट टकटक करतंय."

टपरीवाल्याने चहा गाळता गाळता गाडी विकून टाकायचा सल्ला दिला. मी शेजारच्या गॅरेजमध्ये चेन ताणून घेतली. ही सगळी मंडळी एका बाईचा शब्द राखण्यासाठी "व्हय" म्हणतायत, असं मी स्वतःला पटवलं. आता लिहिताना हसू येतं, पण त्या वेळी मला ते अगदी खरं वाटत होतं.

कान्हे फाट्यावरून जुन्या हायवेला लागून कामशेतला वडापाव खायला थांबलो. वडे गरम होते, मिरची झणझणीत होती. सुनंदा म्हणाली, "चेन ताणली तरी येतोच आहे." आणि माझं डोकं सटकलं.

"तुला मुळात गाडी नकोच आहे," मी म्हणालो. "म्हणून तुला आवाज येतो. मला कसा येत नाही? बत्तीस टनी प्रेसवर काम केलंय मी. मशीन कुठे दुखतंय ते मला कळतं."

तिने वडापाव कागदात गुंडाळून ठेवला. त्यानंतर तिने आवाजाचं नावही काढलं नाही. आधी मला बरं वाटलं. मळवलीचं रेल्वे फाटक येईपर्यंत ते बरं वाटणं संपलं होतं. फाटक बंद होतं, सगळ्यांनी गाड्या बंद केल्या होत्या, मागे ती बसलेली असूनही कोणी नसल्यासारखं वाटत होतं.

लेण्यांच्या पायथ्याच्या भाजे गावात, पर्यटकांना खोल्या देणाऱ्या मंगलमावशींच्या घरी खोली मिळाली. शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते आणि भावही चढलेले असतात. मधल्या वारी गेलात तर खोली स्वस्तात मिळते आणि लेण्यांत निवांत बसता येतं. जेवण सांगून ठेवायचं, मग चुलीवरचं पिठलं, भाकरी आणि इंद्रायणी तांदळाचा भात मिळतो. आम्ही अंगणात गाडी लावली तेव्हा मावशी सूप घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. मी हेल्मेट काढायच्या आत त्या म्हणाल्या, "भाऊ, गाडीत पाखरू बसलंय का वो? पार वळणापास्नं चिवचिव करीत आलात."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती सॅकचे बंद सोडवत होती.

"अजून येतोय?" मी विचारलं.

"मी काही बोलणार नाही."

मावशींना आमच्या भांडणाचा पत्ता नव्हता. त्यांना सुनंदाचा शब्द राखायचंही कारण नव्हतं. जेवताना भाताची चव लागली नाही. घरी हल्ली कुकरच्या शिट्ट्या सुनंदाच मोजते. बेल वाजली की "अहो, दार" असं ती ओरडते. मी त्याला तिचा उतावळेपणा म्हणत आलो होतो. त्या संध्याकाळी मला खरोखर भीती वाटली आणि ती कोणाला सांगावी तेही कळेना, कारण जिला सांगायची तिला मी खोटं ठरवलं होतं.

सकाळी चहा होताच मी म्हणालो, "चल, एक शेवटचा प्रयोग करू." लोहगडच्या रस्त्याने थोडं वर गेलो. वरचा चढ फार उभा आहे, ब्रेक तपासल्याशिवाय जाऊ नका. आम्ही गावाजवळच्या साध्या उतारावरूनच गाडी वळवली. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी इंजिन बंद केलं, गाडी न्यूट्रलवर टाकली आणि सोडून दिली. इंजिन नाही, म्हणजे टॅपेट नाही, क्लच नाही. जो काही आवाज राहील तो चाकाचा किंवा चेनचा. ही युक्ती कोणालाही करता येईल, फक्त उतार साधा हवा.

गाडी घरंगळत होती. मला हेल्मेटला घासणारा वारा ऐकू येत होता. त्याखाली काही नव्हतं.

"आता बोल," मी म्हणालो. "येतोय?"

ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. "येतोय. स्पष्ट येतोय."

मी ब्रेक दाबून गाडी थांबवली. पाय टेकवले. "सुनंदा, मला नाही येत."

"माहितीये मला," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही स्वतःहून म्हणाल."

माझे डोळे भरून आले हे लिहायला मला लाज वाटत नाही. कामशेतला जे बोललो त्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, "ते राहू द्या. आधी हा आवाज शोधा."

गाडी डबल स्टँडवर लावली. सुनंदाला मागच्या कॅरिअरवर भार देऊन बसायला सांगितलं, त्याबरोबर पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी ते हाताने फिरवलं.

"हाच!" ती मागून ओरडली. "हाच, हाच!"

मी फोर्कच्या खालच्या टोकाला, अॅक्सलपाशी तळवा लावला आणि डोळे मिटले. प्रेस शॉपच्या गदारोळात कानांचा उपयोगच नसायचा. मशीन बिघडलं की आम्ही त्याच्यावर हात ठेवायचो. तळव्याखाली बारीक खरखर होती, दाताखाली रेती यावी तशी. पुढच्या चाकाचं बेअरिंग. सलीमभाऊंनी मला द्यायची म्हणून प्रेमाने पंपाचं पाणी मारलं आणि त्या पाण्याने आतलं ग्रीस धुवून नेलं. तसंच चालवलं असतं तर एखाद्या दिवशी चाक जाम झालं असतं, आणि मागे ती बसलेली असती.

तिथून मळवली, मग जुन्या हायवेने लोणावळा, सगळं अंतर हळूहळू कापलं. बाजाराजवळच्या एका मेकॅनिकने बेअरिंग काढून हातावर दिलं, तेव्हा आतून गंजाचं लाल पाणी आलं. नवीन बेअरिंग आणि मजुरीला फार पैसे पडले नाहीत. चिक्कीच्या दुकानात सुनंदाने त्याहून जास्त घालवले. काम होईपर्यंत आम्ही समोर बसून कांदाभजी खाल्ली. गाडी जोडून झाल्यावर मी बाजारातून एक चक्कर मारली आणि परत येऊन तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही येत.

परत जाताना ती मागे बसली. मागून ट्रक हॉर्न देत आला की तिने माझ्या उजव्या खांद्यावर हात दाबायचा असं ठरलं. जुन्या हायवेवर हात बऱ्याच वेळा दाबला गेला. त्यातला एकही हॉर्न मला ऐकू आला नव्हता.

सलीमभाऊंना बेअरिंग दाखवलं तर ते हळहळले. "माज्याच हातानं झालं की वो हे!" मी चावी खिशातच ठेवली आणि म्हणालो, "भाऊ, गाडी पटली."

हे लिहितोय तेव्हा घरी येऊन आठवडा झालाय. भाज्याची लेणी धावतपळत बघितली, टायगर पॉइंट राहूनच गेला. कानांच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे आणि ती येईपर्यंत मला चैन नाही. येरझाऱ्या चालूच आहेत, पण आता त्या अंगणात असतात. रोज सकाळी गाडी डबल स्टँडवर लावतो. सुनंदा शिलाई सोडून येते, मागे बसते. मी चाक फिरवून तळवा लावतो, ती कान देते.

"काही नाही ना?" मी विचारतो.

"काही नाही," ती म्हणते, आणि चाक थांबेपर्यंत उतरत नाही.