लोट्यातली दादर

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. आप्पांनी तरी दादर पेरली. दादर म्हणजे आमच्या खानदेशातली थंडीतली ज्वारी. वरून पाणी नसलं तरी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. पण मुरलंच कमी असेल तर? दादर पोसली नाही, तर आई-आप्पा घराला कुलूप लावून ऊसतोडीला निघणार होते. आईला तर धड वाकताही येत नव्हतं.

मी सातवीतून शाळा सोडून सिल्वासाला दोऱ्याच्या कारखान्यात लागलो होतो. आप्पांना लिहिता येत नव्हतं. गावाकडून कोणी इकडे यायला निघालं, की ते त्याच्याकडे दादरीचं एक धाट द्यायचे, मुळासकट, ढेकळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून. आमची दोघांची ती रीतच पडली. मी खालची पिवळी पानं बघायचो, ढेकूळ मुठीत दाबायचो, आणि शेतात जाऊन आल्यासारखं वाटायचं.

मार्गशीर्षात आलेलं धाट पोटरीत होतं, कणीस अजून पानांत मिटलेलं. टाकवेना. लोट्यात पाणी घालून खिडकीत ठेवलं. पाळीवरून आलो की आधी तिकडे नजर. मशीनची घरघर कानात, डोळे मिटायला लागलेले. खिडकीखालून खानवेल गावाची बस धूळ उडवत गेली की वाटायचं, आपल्याच बांधावरून गेली. एका सकाळी कणीस बाहेर डोकावलं. मी खोलीत सगळ्यांना गूळ वाटला.

माझ्या शेजारी अंथरूण टाकणारा एक नंदुरबारकडचा होता. गूळ चघळत म्हणाला, "भाऊ, याला तू पाणी पाजलंस. तिकडे कोण पाजतंय?"

मी उरलेला गूळ परत कागदात बांधायला लागलो.

"आता रडू नको. सुपरवायझरला मी सांगतो, तुझी पाळी मी काढतो. जा, बघून ये."

त्यानं माझ्यासाठी पाळीवर पाळी केली. अजून त्याची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

एसटीतून उतरलो तो थेट शेतात. धुक्यात कणसं उभी होती. आखूड, पण निघालेली. आप्पा बांधावरून ओरडले, "काय रे, काढून टाकलं का तुला?"

"नाही. दादर बघायला आलो."

ते हसले. विळ्यानं एका धाटाच्या बुडाशी उकरत गेले, पार कोपरभर. "घाल हात."

घातला. तळाशी माती गार होती, बोटांना चिकटली.

"दाणा बारीक होईल," आप्पा म्हणाले, "पण घरापुरता होईल. आम्ही कुठं जात नाही. जा, आईला तूच सांग."