नळाची राखण

आमच्या घरातलं एक माणूस कायम नळाला बांधलेलं असायचं. आई-वडील दोघं लोकांच्या रानात रोजानं जायचे, म्हणून ते माणूस म्हणजे मी. परंड्याकडचं आमचं गाव. आठ-दहा दिवसांनी पाणी सुटायचं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणालाच माहीत नाही. सुटलं की तासाभरात बंद. मी घडीघडी उठून तोटी पिळायची. नुसती फुस्स. परत बसायची. सातवी-आठवीची निम्मी शाळा माझी तिथंच गेली.

पाणी सोडणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणायचे, "लाईट आली की सोडतो."

"लाईट कधी येणार?"

"ती काय मला इचारून येती व्हय?"

शेजारणीला सांगून बघितलं. तिचं भरून होईस्तोवर तिला आमची आठवण यायची नाही.

मी धाराशिवला कॉलेजात गेले, घरातली पहिली. शेवटच्या वर्षी दिवाळीच्या आधी गावी आले, तर धाकटी बहीण नळापाशी आणि दप्तर खुंटीला. दहावीचं वर्ष होतं तिचं. माझं डोकंच फिरलं. आईवर ओरडले.

आई म्हणाली, "मग तू बस की इथं. तुला कालेज, तिला शाळा, मला रोज. पाणी काय तुझा बाप भरील?"

बरोबर होतं तिचं. म्हणून जास्तच राग आला.

कॉलेजच्या प्रोजेक्टला मी हेच घेतलं. सर म्हणाले, "सोपं आहे. यंत्रानं दर मिनिटाला नळाला विचारायचं, पाणी आलं का."

मी भर वर्गात म्हणाले, "न्हाय सर. विचारण्यातच माझी शाळा गेली. आता पाण्यानं यावं आणि सांगावं."

वर्ग हसला. सर दोन दिवस बोलले नाहीत. नका बोलू.

गल्लीतल्या पहिल्या नळाची तोटी उघडी ठेवून खाली डबा बांधायचा, डब्यात तरंगता खटका, त्याला सिमकार्डाचं यंत्र जोडायचं. डब्यात पाणी चढलं की खटका उचलला जाणार, यंत्र जागं होणार आणि घरोघरी मिस कॉल. एरवी यंत्र झोपलेलं आणि माणसं आपापल्या कामाला.

काका आडवे आले. "सरकारी नळाला वायरी लावू नको, पोरी. फुटला म्हंजी?"

"फुटला तर भरून देईन. आधी हे सांगा, तुमच्या घरचं कोण बसतं नळापाशी?"

त्यांच्या घराला टाकीवरून वेगळी लाईन होती, अख्ख्या गावाला ठाऊक. काका वाटेतून बाजूला झाले.

पहिला कॉल आला तेव्हा आई जवळच्याच रानात खुरपत होती. आली, पाणी भरलं, परत कामाला गेली. कॉल वडिलांनाही जायचा; ज्याचं रान जवळ, ते यायचं.

संक्रांतीपासून परीक्षेपर्यंत बहीण पाण्यासाठी एक दिवसही घरी राहिली नाही. ती दहावी पास झाली.