धाकट्या जावेची झोप

माझ्या धाकट्या जावेला झोप लागायला लागली, त्या आठवड्यात मला तिचं तोंडही बघवेना. सकाळी ती स्वयंपाकघरात यायची ती ताजीतवानी, केस नुसते वर गुंडाळलेले. मी दूध तापवत उभी असायची आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत असायचं.

त्यात ज्या ॲपनं तिला झोप लागली, ते आधी माझं. डॉक्टरांनी ते मला सांगितलं होतं. मी कोल्हापुरातून रोज स्कूटरवरून पन्हाळ्याला तालुका कचेरीत जाते, आणि एकदा घाटातल्या वळणावर माझा डोळा लागला. गाडी कठड्याला घासून थांबली. घरी कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नोकरी करतीस का जीव देतीस? म्हैनाभर बघू. झोप सुधारली तर ठीक, न्हायतर राजीनामा दे." आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. कोडोलीच्या शाळेपासून कचेरीतल्या त्या खुर्चीपर्यंत मला कितीतरी माणसांनी हात धरून आणलंय. ती खुर्ची सोडायची कल्पनाही मला सहन होईना.

"गोळी नको," डॉक्टर म्हणाले होते. "रोज सकाळी रात्रीची माहिती या ॲपवर भरा. ते बघून ॲप तुमच्यापुरता उपाय ठरवतं." माझ्याकडून ऐकून जावेनंही ते फोनवर घेतलं. पुण्याच्या कंपनीचं काम ती घरून करते, त्यापायी तिचीही झोप उडाली होती.

सकाळी दोघी ओट्याशी फोन उघडायचो. झोप किती वेळात लागली, मध्ये जाग आली का, पडल्यापडल्या डोक्यात काय चाललं होतं. ती मोठ्यानं बोलत टाइप करायची, "काही उपयोग नाही. तुमचं ते श्वास मोजणं बोअर आहे." माझ्या अंगावर काटा यायचा. शिकवणाऱ्याला असं कुणी बोलतं? पण ॲप तिच्यावर कधी रागावलं नाही. उलट तिच्यासाठी काहीतरी नवं काढायचं. श्वास मोजणं बंद, त्याऐवजी संध्याकाळीच सगळ्या काळज्या बोलून टाकायच्या. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. मध्येच ॲपमधल्या समुपदेशक बाईंचा आवाजी निरोप यायचा, "तुमच्यासाठी हा बदल केला आहे."

माझ्यासाठी बाईंनी कधी काही बदललं नाही. मला रोज एकच, "छान प्रगती! असंच चालू ठेवा," आणि एक पिवळी चांदणी. सुरुवातीला मला त्या चांदणीचा अभिमान वाटायचा. मग जाऊ झोपू लागली आणि माझ्याकडे नुसत्या चांदण्या साठल्या. तिचे वडील प्राध्यापक, आई शिक्षिका. कोण कुठल्या घरातून आलंय हे ॲपलासुद्धा कळतं की काय, असं मला खरंच वाटायला लागलं.

एका सकाळी ती माझ्या फोनवर वाकली.

"ताई, हे काय? 'लगेच झोप लागली, सकाळपर्यंत जाग आली नाही'? अहो, पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा सगळी पिंपं तुम्हीच भरलीत. मी उठले तेव्हा पाणी गेलेलं!"

"मग काय लिहायचं?"

"जे झालं ते."

"त्या बाई एवढं गोड समजावतात. 'ताई, सावकाश श्वास घ्या.' त्यांना कसं सांगू, काही फरक नाही म्हणून? वाईट वाटेल की त्यांना."

ती हसून हसून ओट्याला टेकली. "अहो, रेकॉर्ड केलेला आवाज आहे तो! त्याला कसलं वाईट वाटतंय?"

"काय गं, सकाळी सकाळी दात काढताय?" बाहेरून सासूबाई ओरडल्या.

मला हसू आलं नाही. आमच्या शाळेत धडा संपला की गुरुजी विचारायचे, "समजलं का?" अख्खा वर्ग ओरडायचा, "व्हय गुरुजी!" काहीच न समजलेलं पोरही ओरडायचं. गुरुजी घसा कोरडा करून शिकवतात, त्यांना नाही कसं म्हणायचं? न समजलेलं घरी पाठ करत करत मी पदवीपर्यंत आले. झोप पाठ करता येत नव्हती. जाऊ मात्र लहानपणी जेवताना वडिलांशी वाद घालायची म्हणे, आणि वडील तिचं ऐकून घ्यायचे. तिच्या झोपेपेक्षा मला त्याचाच हेवा वाटला. अजून वाटतो.

मी तिथंच ओट्याशी खरं ते भरलं. चांदणी आली नाही. पुढचे धडे बंद झाले आणि स्क्रीनवर आलं, "आपण पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करू." आयुष्यात पहिल्यांदा मला खालच्या वर्गात बसवलं, आणि तेही तिच्यासमोर. सासूबाईंची मुदत तर संपत आली होती.

"आईंशी मी बोलते," जाऊ म्हणाली. "मुदत वाढवून घेऊ. तोवर कचेरीत मी सोडते तुम्हाला. माझं काम थोडं उशिरा सुरू करीन." दुकानातून मीठ आणते म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. आणि सासूबाईंनी तिचं ऐकलंही. त्यानंही माझा जळफळाट झाला.

माझ्याच स्कूटरवर मी मागे बसले. वाघबीळचा चढ लागला तशी तिनं मान किंचित वळवली.

"ताई, झोप येतेय का?"

छे छे, तू चालव, असं तोंडाशी आलं होतं.

"येतीय," मी म्हटलं. "लई येतीय. आणि तू गाडी फार जोरात हाणतीयस, मला भीती वाटतीय."

तिनं वेग कमी केला.