एवढंसं अंग काय काय शिकतं

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता, हे मला शाळेत असताना मावशीकडून कळलं. आई-बाबा दोघंही प्राथमिक शिक्षक. लग्नानंतर दोघांची नेमणूक गडचिरोलीत, जंगलाकाठच्या एका गावात झाली होती. तिथे ते बाळ हिवतापाने, म्हणजे मलेरियाने गेलं, जेमतेम बसायला लागलं होतं तेव्हा. पुढे बदली घेऊन ते पुण्यात आले, मी झाले, आणि बाळाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मलेरियाच्या लसीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हाही आई एवढंच म्हणाली, "कात्रजहून रोज एवढं लांब? डबा तुझा तू भर. मी काही पहाटे उठणार नाही." पहाटे तीच उठायची.

आफ्रिकेतल्या लहान मुलांच्या रक्ताचे नमुने आमच्याकडे गोठवून येत. लस दिल्यावर त्यांच्या अंगात मलेरियाशी लढणारी प्रतिपिंडं किती तयार झाली, हे मोजायचं माझं काम. बारीक खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. खळग्यांच्या तळाशी मलेरियाच्या जंतूवरचं एक प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात रक्ताचा नमुना घातला की प्रतिपिंडं त्याला जाऊन धरतात. शेवटचं रसायन घातलं की तिथे निळा रंग चढतो, आणि आम्लाचा थेंब पडताच तो पिवळा होतो. प्रतिपिंडं जास्त, तर रंग गडद.

पहिल्यांदा मी एकटीने प्लेट लावली, तेव्हा एकाच बाळाचे नमुने ओळीने समोर होते. लसीआधीचा खळगा पाण्यासारखा. तीन डोसांनंतरचा गडद पिवळा. वर्षभराने पुन्हा फिका, इतका की प्लेट लावताना माझंच काही चुकलं असं वाटलं. त्यानंतरचा, वाढीव डोसनंतरचा, परत भरून आलेला.

"विसरलं होतं, मग आठवलं त्याला," मी म्हणाले.

"विसरलं नव्हतं हो," शेजारच्या ज्येष्ठ सहकारी बाई म्हणाल्या, "गप्प बसलं होतं."

 धड बोलताही न येणाऱ्या जिवाचं रक्त इतकं शिकतं?

गेल्या वर्षी प्रयोगशाळेने घरच्यांना काम बघायला बोलावलं. बाबांचे गुडघे दुखत होते, म्हणून आई एकटीच आली, कडक इस्त्रीची साडी नेसून. काचेपलीकडे सहकारी बाईंनी आम्ल घातलं आणि निळे खळगे एकामागून एक पिवळे झाले. आई काचेला नाक लागेल इतकी पुढे झाली.

"ही मुलं केवढी असतील गं?"

"काही पाच-सहा महिन्यांची."

"आणि तो ताप यांना कधी आलेलाच नाही, तरी अंगाला तो कळतो?"

"लसीमुळे कळतो. पण सगळ्यांना सारखा नाही, आई. कुणाचा रंग गडद, कुणाचा फिका. आणि तो उतरतोही, मग परत डोस द्यावा लागतो."

"मग द्या की परत. त्यात काय एवढं!" असं म्हणून ती बराच वेळ बघत राहिली. "कसं गं हे," ती हळूच म्हणाली, "एवढ्याशा अंगात!"

कँटीनमध्ये चहा पुढे ठेवला, तर तिने कपाला हात लावला नाही. आपणहून बोलायला लागली. बाळासाठी वर्गातच झोळी बांधली होती म्हणे. ती फळ्याकडे वळली की तो मागून ओरडायचा, आणि सगळा वर्ग हसायचा. मग तिने त्याचं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रविवारी जेवताना तिने तेच नाव बाबांसमोर घेतलं. बाबांचा हात ताटातच थांबला. मी घाबरले.

"केस फार दाट होते त्याचे," बाबा म्हणाले.

"दाट आणि कुरळे," आई म्हणाली, आणि त्यांना पोळी वाढली.